तेरावा झाला, पाहुणे गेले. आता पुढचं वर्ष कसं काढायचं?

पुण्यात माणूस गेला की पहिले तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं असतं. वैकुंठ स्मशानभूमीतून परतलेल्यांसाठी शेजारीण पिठलं-भात करून ठेवते, कोणी गुरुजींना फोन लावतं, कोणी दारातल्या चपला बाजूला सारत बसतं. मग तेरावा होतो, गोडाचं जेवण होतं, भाड्यानं आणलेल्या खुर्च्या परत जातात. साताऱ्याचे मामा घरी जातात, अमेरिकेतला मुलगा रजा संपली म्हणून निघतो. चौदाव्या दिवशी दूधवाला विचारतो, ‘उद्यापासून पिशव्या किती टाकू?’ आणि त्याचं उत्तर घरात कोणापाशीच नसतं.

पहिल्या तेरा दिवसांची व्यवस्था पूर्वजांनी चोख लावून ठेवली आहे. कोणी काय करायचं, कोणत्या दिवशी काय शिजवायचं, कोणी कधी भेटायला यायचं, सगळं ठरलेलं. त्यापुढच्या वर्षाला मात्र कोणी वाली नाही. माझं स्पष्ट मत आहे की खरी मदत चौदाव्या दिवसापासून लागते, आणि ती आधीपासून लावून ठेवली तरच मिळते. खाली लिहिलं आहे ते साधारण त्या वर्षाच्या क्रमानं. सगळं एका दमात वाचू नका. या आठवड्यात जे समोर आहे तेवढंच वाचा.

१. पहिले तेरा दिवस: वही एकाच्या हातात, सही कोणाचीच नाही

घरात एक वही ठेवा आणि ती अशा माणसाकडे द्या जो जवळचा आहे, पण सगळ्यात जवळचा नाही. जावई, भाचा, ऑफिसमधला जुना मित्र. कोण भेटून गेलं, कोणी किती खर्च केला, कोणता कागद कोणाकडे आहे, गुरुजींना किती दिले, हे त्यात लिहायचं. धक्क्यात माणसाची स्मरणशक्ती दगा देते. ‘दाखला मी तुमच्याच हातात दिला होता’ यावरून सख्ख्या भावांत अबोला धरल्याची उदाहरणं प्रत्येक घराण्यात असतात.

विधी करायचे की नाही, किती करायचे, हे घरच्यांनी ठरवायचं. गेलेल्या माणसानं ‘माझे दिवस घालू नका’ असं सांगून ठेवलं असेल, तर घरातल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीनं ते नातेवाइकांना पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, म्हणजे दहाव्या दिवशी वाद होत नाहीत. विधी हवेत पण मंत्रांचा अर्थही कळायला हवा असं वाटत असेल, तर पुण्यात ज्ञानप्रबोधिनी या संस्थेच्या पद्धतीनं अर्थ मराठीत सांगत अंत्येष्टी आणि श्राद्ध केलं जातं. तिथं स्त्रिया पौरोहित्य करतात. मुलीनं अग्नी दिला तर चालेल का, असं अजूनही कोणी दबक्या आवाजात विचारतं. चालतं, आणि पुण्यात ते नवीनही राहिलेलं नाही.

दशक्रियेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथं एक काटा मनात रुततो. ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवल्यावर सगळे कावळ्याकडे डोळे लावून उभे राहतात. कावळा लगेच शिवला तर सुस्कारा. नाही शिवला की एकेक जण पुढे होऊन मोठ्यानं सांगतो, ‘आईला मी सांभाळीन’, ‘घर विकणार नाही’, ‘धाकटीचं लग्न करून देऊ’. तरी नाही शिवला, तर त्या घरातली मुलगी वर्षानुवर्षं मनात धरून बसते की बाबांची काहीतरी इच्छा राहिली आणि ती आपल्याला कळली नाही. दर्भाचा कावळा करून पिंडाला लावण्याची सोय परंपरेतच आहे. म्हणजे कावळा नेहमी येत नाही हे परंपरेलाही ठाऊक होतं. सकाळभर तिथं पिंडांची रीघ असते, पोट भरलेला कावळा तुमच्या पिंडाकडे फिरकला नाही याचा अर्थ तेवढाच. आणि पिंडासमोर दिलेला शब्द झेपण्यासारखा असेल तरच द्या. ‘घर कधीच विकणार नाही’ हे वाक्य पुढे पाच वर्षांनी फार जड जातं.

या तेरा दिवसांत कशावरही सही करू नका, हा नियम घरातल्या सगळ्यांसाठी. विशेषतः लेकींनो, हक्कसोडपत्र. ‘तुझं सासरी चांगलं आहे, भावाच्या नावावर होऊन जाऊ दे, सगळे जमलेच आहेत तर’ असं म्हणत कागद पुढे केला जातो. हक्क सोडायचा असेल तर खुशाल सोडा, तो तुमचा निर्णय. पण तो सहा महिन्यांनी, वाचून, स्वतःच्या वकिलाला दाखवून. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदणी झाल्याशिवाय पक्कं होत नाही, त्यामुळे ‘आत्ताच कर’ या घाईला तसाही अर्थ नसतो.

२. कागद: रडत रडत करायचं काम

कागदपत्रांबद्दल लिहिलं की काहींना ते रुक्ष वाटतं. पण पैशाची काळजी डोक्यावर असताना धड शोकही करता येत नाही. म्हणून हे आधी.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात ही मुदत आहे. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याची परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी वाट अवघड होत जाते. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर तिथूनच महापालिकेला कळवलं जातं. घरी झाला असेल तर डॉक्टरांनी दिलेला मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि स्मशानभूमीतला पास जपून ठेवा, त्यावरून पुढची नोंद होते.

दाखल्याचा अर्ज भरताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: नाव. आधारवर ‘सुमन’, पॅनवर ‘सुमती’, बँकेत माहेरचं आडनाव, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी असतो. रुग्णालयात घाईघाईनं लिहून दिलेलं नाव दाखल्यावर येतं आणि मग प्रत्येक खिडकीवर प्रतिज्ञापत्र मागतात. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच घ्या.

मग बँक. खातं दोघांच्या नावावर असेल आणि त्यात ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ अशी सोय असेल, तर दाखला देऊन खातं पुढे चालू राहतं. नॉमिनी असेल तर क्लेम फॉर्म, दाखला आणि नॉमिनीची ओळखपत्रं पुरतात. अशा दाव्याचे पैसे बँकेनं १५ दिवसांत द्यावेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नॉमिनी असतानाही कोणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र मागितलं, तर ‘कोणत्या नियमाखाली, ते लेखी द्या’ असं शांतपणे म्हणा. गेलेल्या माणसाच्या एटीएम कार्डानं पैसे काढणं मात्र टाळा. घरचेच पैसे असले तरी ते बेकायदेशीर ठरतं आणि पुढे भावंडांत संशयाला जागा होते.

जुनी पासबुकं नीट चाळा. दरवर्षी मेच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसले, तर ती पंतप्रधान जीवनज्योती विमा योजना असू शकते. तिच्यात वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपये कापलेले असतील तर पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, ती अपघाती मृत्यूसाठी. कित्येक घरांना हे माहीतच नसतं, कारण बँकेतल्या कोणीतरी कधीतरी फॉर्मवर सही घेतलेली असते. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर भविष्यनिर्वाह निधीसोबतच्या विम्याचे कमाल ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, शिवाय जोडीदाराचं निवृत्तिवेतन. कंपनीच्या एचआरला एक ईमेल टाकून सगळ्या देण्यांची यादीच मागवा.

फ्लॅटचं काम सावकाश चालतं. सोसायटीतला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मालकी मृत्युपत्रानं नाहीतर वारसा कायद्यानं ठरते. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि गेलेल्या माणसाची आई यांचा हक्क बरोबरीचा. गावाकडे शेती असेल तर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे तीन महिन्यांत कळवायचं असतं. पुणे शहरातल्या जुन्या वाड्याचं मिळकत पत्रिकेवर नाव लावायचं काम नगर भूमापन कार्यालयात. वीजबिल आणि गॅसवरचं नाव बदलायला सहा महिने लागले तरी आभाळ कोसळत नाही.

मोबाईलचा नंबर मात्र लगेच बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. बराच काळ न वापरलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते, म्हणून छोटं रिचार्ज चालू ठेवा. आणि फोन कोणाला वापरायला देण्याआधी त्यातले व्हॉट्सअॅपचे आवाज, फोटो, ‘येताना कोथिंबीर आण’ असले मेसेज दुसरीकडे जपून घ्या. व्हॉट्सअॅपचं खातं १२० दिवस वापरलं गेलं नाही तर पुसलं जातं. फोटो सगळ्यांकडे असतात. पुढे लोकांना चुटपुट लागते ती आवाजाची.

३. चौदाव्या दिवसापासून: आधी शरीर

दुःख मनाचं, पण पहिल्यांदा ते अंगात उतरतं. छातीवर दडपण, घशात आवंढा, भूक मेलेली, पहाटे तीनला टक्क जाग. जोडीदार गेल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात हृदयविकाराचा धोका वाढतो हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. तीव्र मानसिक धक्क्यानं हृदयाचा स्नायू तात्पुरता दुबळा होण्याचा एक आजारही आहे, जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास तो पहिल्यांदा नोंदवला. त्यामुळे छातीत दुखलं तर ‘मनाला लागलंय, होईल बरं’ म्हणून बसू नका, ईसीजी काढा.

घरातल्या गोळ्यांचा डबा तपासा. आजोबांच्या बीपीच्या गोळ्या आजी काढून देत असतील, तर आजी गेल्यावर आजोबा गोळ्या घेतायत की नाही हे कोणीच बघत नाही. आठवड्याच्या कप्प्यांचा डबा आणून भरून ठेवा आणि तो कोण भरणार ते ठरवा. शेजाऱ्यांकडची झोपेची गोळी घेऊ नका, स्वतःच्या डॉक्टरांना विचारा. पहिले काही आठवडे दुचाकी शक्यतो टाळा. सिग्नल कधी हिरवा झाला कळत नाही, असं अनेक जण सांगतात, आणि पुण्याची वाहतूक तुमचं दुःख बघून थांबत नाही.

जेवण हा वेगळा विषय. बायको गेलेल्या कित्येक पुरुषांना कुकर लावता येत नाही, आणि एकटी राहिलेली बाई ‘माझ्या एकटीसाठी काय करायचं’ म्हणून चहा-पोळीवर दिवस काढते. पुण्यात गल्लोगल्ली पोळी-भाजी केंद्रं आहेत, त्यांचा महिन्याचा डबा लावा. यात कमीपणा काहीच नाही. शक्य असेल तर दिवसातलं एक जेवण कोणासोबत तरी, मग तो समोरच्या ब्लॉकमधला कॉलेजचा मुलगा का असेना.

रोज घराबाहेर पडायचं एक ठरलेलं कारण हवं. तळजाई, हनुमान टेकडी, सारसबाग, जे जवळ असेल ते. मन रमवायला जाऊ नका, ते रमणार नाही. सकाळचं ऊन अंगावर पडलं की रात्री झोप थोडी नीट लागते, सध्या एवढ्यासाठीच जा.

४. मनाचं काय चाललंय ते ओळखणं

नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार, या पाच पायऱ्या तुम्हाला कोणीतरी फॉरवर्ड केल्या असतील. १९६९ साली एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी त्या मांडल्या, पण स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या एकामागोमाग चढायच्या असतात असं कुठेच सिद्ध झालेलं नाही. ‘मला राग येतच नाहीये, माझं काही चुकतंय का?’ असं विचारणारी माणसं भेटतात, म्हणून हे लिहिलं. तुमचं काहीही चुकत नाही.

त्यापेक्षा मला १९९९ साली नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी मांडलेलं म्हणणं जास्त पटतं. त्यांच्या मते मागे राहिलेला माणूस दोन टोकांत ये-जा करत असतो. एकीकडे आठवण, रडणं, फोटो काढून बसणं. दुसरीकडे बिलं, स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, कधी एखादा विनोद. दोन्ही लागतात. सकाळी हमसून रडलेली बाई दुपारी भिशीत हसली तर तिला विसर पडला असं नव्हे. उलट जो दोनापैकी एकाच टोकाला खिळून बसतो त्याची काळजी करावी. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या आठवड्यात ऑफिसला जाऊन बारा-बारा तास काम करणाऱ्या कर्त्या मुलाचं सगळे कौतुक करतात. त्याच्याशी कोणीतरी बोलायला हवं.

हुंदका कधीही येतो. तुळशीबागेत बांगड्यांच्या दुकानासमोर, रिक्षात, चालू मीटिंगमध्ये. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की मुठेवरचा भिडे पूल बुडतो. त्या वेळी कोणी पाण्यात गाडी घालत नाही, आणि पूल वाहून गेला असंही कोणी समजत नाही. वळसा घालून जातात, पाणी उतरलं की रस्ता खुला. तसंच बाजूला व्हा, वीस मिनिटं घ्या. रडू दाबून धरायला जेवढी शक्ती लागते तेवढी रडायला लागत नाही.

रात्री जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज आला, बाथरूममधून खोकला ऐकू आला, गर्दीत पाठमोरे तेच दिसले. याला बरेच जण घाबरतात आणि कोणाला सांगत नाहीत. वेल्समधल्या एका डॉक्टरनं १९७१ साली जोडीदार गमावलेल्या सुमारे तीनशे जणांना विचारलं, तर जवळजवळ निम्म्यांनी असा अनुभव आल्याचं सांगितलं. आणि बहुतेकांनी तोवर ते कोणापाशी काढलंही नव्हतं. हे वेड नव्हे, आणि मांत्रिकाचं काम तर नव्हेच.

अपराधी वाटणं सगळ्यात चिवट. ‘दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायला हवं होतं’, ‘व्हेंटिलेटर लावायला नको होता’, ‘त्या दिवशी फोन उचलायला हवा होता’. २०२० आणि २१ मध्ये ज्यांना आपल्या माणसाचं शेवटचं दर्शनही मिळालं नाही, त्यांच्या मनात हे अजून ताजं आहे. यावर एक करून बघा. कागदाच्या एका बाजूला त्या दिवशी तुम्हाला काय माहीत होतं ते लिहा, दुसऱ्या बाजूला नंतर काय कळलं ते. बहुतेक वेळा सगळा पश्चात्ताप दुसऱ्या बाजूचा असतो. पहिल्या बाजूचंही काही निघालं, खरंच हयगय झाली असेल, तर ते एखाद्या विश्वासाच्या माणसासमोर तोंडानं बोला. मनात घोळवत ठेवलं की ते वाढत जातं.

५. कपाट

आत्या येते आणि चौदाव्या दिवशी कपाट रिकामं करते. तिचा हेतू चांगला असतो. तरी तिला थांबवा. आधी फक्त वापरातल्या नाशवंत गोष्टी काढा: औषधं, डायपर, पथ्याचं खाणं. उघडलेली औषधं कोणाला देऊ नका. वॉकर, व्हीलचेअर, खाट यांची गरज दुसऱ्या कोणाला आज असते, ती लवकर द्या.

कपड्यांना घाई नाही. जेव्हा बसाल तेव्हा ठेवायचं, द्यायचं आणि आत्ता ठरवता येत नाही, असे तीन ढीग करा. तिसरा ढीग मोठा झाला तर होऊ दे, बॅगेत भरून माळ्यावर टाका. आईच्या मऊ झालेल्या सुती साड्यांची गोधडी शिवून घेणं हा आपल्याकडचा जुना आणि उत्तम उपाय. भावंडं जास्त असतील तर लहान लहान शिवून घ्या, प्रत्येकाकडे एक जाईल. दागिन्यांची वाटणी कपड्यांच्या दिवशी करू नका, त्या दोन गोष्टींचे रंग वेगळे असतात.

६. घरातली मुलं आणि मागे राहिलेलं म्हातारं माणूस

मुलांना खरं सांगा, सोप्या शब्दांत, त्याच दिवशी. ‘आजोबा गावाला गेले’ म्हटलं तर ते परत कधी येणार हा प्रश्न येतो. ‘झोपले’ म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. ‘आजोबांचं शरीर बंद पडलं, ते आता परत येणार नाहीत, त्यांना दुखतही नाही’ एवढं पुरतं. पाच वर्षांखालच्या मुलाला मरण कायमचं असतं हे समजत नाही, म्हणून ते तोच प्रश्न रोज विचारेल. रोज तेच उत्तर द्या. रडता रडता मध्येच खेळायला पळालं तर रागवू नका, मुलांचा शोक तुकड्यातुकड्यांनी चालतो. वर्गशिक्षिकेला कळवून ठेवा, नाहीतर ‘माझे बाबा’ या निबंधावर वर्गात अवघड प्रसंग येतो.

आई एकटी राहिली की मुलं दोन टोकाचे निर्णय घेतात: ‘आता तू आमच्याकडे कॅलिफोर्नियाला चल’ किंवा ‘फ्लॅट विकून टाकू’. निदान एक वर्ष दोन्ही नको. तिच्याकडून एकदम माणूस गेलेला आहे; भाजीवाला, देऊळ, भिशी, डॉक्टर, कामवाल्या मावशी हे सगळंही एकदम काढून घेऊ नका. परदेशातून रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटांचा फोन रविवारच्या दीड तासाच्या व्हिडिओ कॉलपेक्षा जास्त कामाचा. घराची एक किल्ली शेजारी ठेवा. बहुतेक उपनगरांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, पहिल्यांदा तिला सोबत घेऊन जा; एकटीला ‘जा गं, बरं वाटेल’ म्हटलं तर ती जाणार नाही.

आणि एक. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे कोणी तुमच्या आईच्या बाबतीत करायला लागलं तर मध्ये उभे राहा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून या प्रथा बंद केल्या, आणि राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. काय घालायचं नि काय काढायचं हे ती सांगेल, आणि तिला सांगायला वेळ लागला तर थांबा.

७. लोकांचं बोलणं

‘सुटले बिचारे.’ ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात.’ ‘आता तूच घरातला कर्ता, तू रडायचं नाहीस.’ बहुतेकांना काय बोलावं सुचत नाही म्हणून ते असं बोलतात. ‘हो’ म्हणून सोडून द्या. पण शेवटचा प्रकार एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी ऐकवत असेल, तर त्याच्यादेखत खोडून काढा.

तुम्ही भेटायला जाणारे असाल तर, ‘काही लागलं तर सांग हं’ हे वाक्य घरी ठेवून या. ते कधीच कोणी सांगत नाही. त्याऐवजी ‘दर बुधवारी रात्रीचा डबा मी आणीन’, ‘नगर भूमापनला मी तुझ्याबरोबर येतो’, ‘शनिवारी मुलांना घेऊन जाते’ असं ठरलेलं काहीतरी बोला. आणि शक्य असेल तर तिसऱ्या दिवशी न जाता तिसऱ्या महिन्यात जा. गेलेल्या माणसाचं नाव घ्या. नाव घेतलं तर त्यांना आठवण येईल म्हणून लोक टाळतात. त्यांना ती एरवीही येतच असते.

८. वर्षभरातले अवघड दिवस

कॅलेंडर समोर घेऊन ते दिवस आधीच खूण करून ठेवा: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिली दिवाळी, पालखी पुण्यात मुक्कामाला येते तो दिवस जर ते वारीला जात असतील, आणि वर्षश्राद्ध. वर्षश्राद्ध तिथीनं येतं आणि तारीख वेगळी पडते, म्हणजे तो दिवस दोनदा येतो. दोन्ही दिवशी कामाचा मोठा पसारा ठेवू नका.

गणपतीत लक्ष्मी रस्त्याच्या आसपास राहणाऱ्यांना ढोल-ताशा चुकत नाही. झेपत नसेल तर ते दिवस दुसरीकडे काढा. पहिल्या वर्षी सण करायचा नाही ही रीत काहींना आधार देते, कारण हसरा चेहरा करायची सक्ती टळते. लहान मुलं असलेल्या घरात तीच रीत जाचक होते. दारात एक आकाशकंदील लावल्यानं कोणाचा अपमान होत नाही. नातेवाईक फराळाचे डबे आणून देतात ते घ्या, ती जुनी आणि शहाणी पद्धत आहे.

नोकरी सोडणं, घर विकणं, मोठी गुंतवणूक आणि दुसरं लग्न हे निर्णय पहिलं वर्ष शक्य तितके पुढे ढकला. विम्याचे पैसे हातात आले की ‘चांगली स्कीम’ घेऊन येणारा दूरचा भाचा कुठूनतरी उगवतोच. पैसे वर्षभर साध्या मुदत ठेवीत राहू द्या.

९. डॉक्टरांकडे कधी जायचं

दुःख हा आजार नाही. पण सहा महिने ते वर्ष उलटूनही जवळजवळ रोज तीच तळमळ असेल, मृत्यू झालाच नाही असं वाटत राहत असेल, कामावर किंवा स्वयंपाकघरात परतताच येत नसेल, तर तो लांबलेला शोक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला आता स्वतंत्र स्थान आहे. तिथं किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात प्रौढांसाठी बारा महिन्यांची. त्यासाठी बोलण्यावर आधारलेले खास उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

काही बाबतींत मात्र सहा महिने थांबायचं नाही. ‘मलाही त्यांच्याकडे जायचंय’ असं कोणी म्हणालं, तर विषय बदलू नका. ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, गोळ्या आणि कीटकनाशकं घरातून हलवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दारू रोजची होऊ लागली असेल तर १९८६ पासून पुण्यात काम करणारं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. ससून रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत, मराठीतही.

फोन लावल्यावर काय बोलायचं हे सुचत नाही म्हणून बरेच जण ठेवून देतात. सगळी हकीकत सांगायची नसते. ‘माझी आई चार महिन्यांपूर्वी गेली, मला झोप येत नाही आणि कामात लक्ष लागत नाही’ एवढं एका कागदावर लिहून ठेवा आणि ते वाचून दाखवा. पुढचे प्रश्न तेच विचारतात.